कल्पनेतील इंजिने आणि हाडामांसाचे प्रवासी

विज्ञानकथेत अंतराळयान उडाले की अभियंता त्याच्या इंजिनाकडे पाहतो. डॉक्टरने आतल्या प्रवाशाकडे पाहावे हे ओघाने आलेच. यान किती वेगाने जाते हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु त्या वेगाला ते किती वेळात पोहोचते, तेवढ्या वेळात प्रवाशाच्या मेंदूला रक्त मिळत राहते काय, आणि मुक्काम येईपर्यंत त्याचे आयुष्य पुरते काय, हे प्रश्न आपल्या विद्याशाखेचे आहेत. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत कथाकारांनी याने हाकण्यासाठी जी नाना साधने कल्पिली, ती या दृष्टीने वाचू लागल्यास असे दिसते की, कथेतील इंजिन पुष्कळसे औषधासारखे असते. गुण सर्वांना दिसतो, दुष्परिणाम कोणाच्या तरी अंगावर उमटतो. तो कोणाच्या अंगावर उमटला हे लेखकाने प्रामाणिकपणे सांगितले तर कथा टिकते, अशी माझी समजूत झाली आहे.

ज्यूल व्हर्न यांच्यापासून आरंभ करणे सोयीचे. त्यांची चंद्रप्रवासाची कादंबरी १८६५ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. मराठीत ती १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून अवतरली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी' या नावाने ती मुलांच्या हाती दिली. 'केरळ कोकिळ'चा जन्म कोचीनचा. तेव्हा मराठी विज्ञानकथेच्या पाळण्याची एक दोरी महाराष्ट्राबाहेर बांधलेली होती, हे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

व्हर्न यांचे इंजिन म्हणजे एक तोफ. फ्लोरिडाच्या जमिनीत उभी ओतलेली, नऊशे फूट लांबीची. तिच्यात स्फोटक कापूस ठासून तीन माणसे आणि दोन कुत्री बसवलेला गोळा चंद्राकडे उडवायचा. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर वेग लागतो, हे व्हर्न यांना ठाऊक होते आणि त्यांनी आकडा बरोबर धरला होता. आता आपण साधे गणित करू. नऊशे फुटांच्या नळीत शून्यापासून अकरा किलोमीटरपर्यंत वेग न्यायचा तर सेकंदाचा जेमतेम विसावा भाग हाती येतो, आणि तेवढ्या अवधीत प्रवाशाचे वजन वीस हजार पटींहून अधिक होते. सत्तर किलोचा गृहस्थ दीड हजार टनांचा होतो. व्हर्न यांनी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर आणि तो फोडत जाणारे पडदे बसवून धक्का कमी केला आहे, पण अशा भाराखाली पाण्याची गादी आणि पोलादाचा ऐरण यांत फरक उरत नाही. कादंबरीच्या १८७० मधील उत्तरार्धात मात्र त्यांनी एक गोष्ट लिहिली आहे, जी मला फार बोलकी वाटते. माणसे थोडीफार खरचटून शुद्धीवर येतात. सॅटेलाइट नावाचा कुत्रा मात्र उड्डाणाच्या वेळी डोक्याला झालेल्या इजेने मरतो. त्याचे शव खिडकीतून बाहेर टाकतात, तर ते यानाच्या सोबतच तरंगत राहते. प्रवास फुकट होत नाही हे लेखकाच्या मनाला कुठेतरी जाणवत होते. किंमत त्याने मुक्या जनावराच्या खात्यावर मांडली.

एच. जी. वेल्स यांनी १९०१ मध्ये याहून सोपी वाट धरली. गुरुत्वाकर्षण अडवणारा 'कॅव्होराइट' नावाचा पदार्थ त्यांनी कल्पिला, यानाला त्याच्या झडपा लावल्या, आणि ज्या दिशेची झडप उघडावी तिकडच्या गोलाकडे यान ओढले जाऊ लागले. व्हर्न यांना हे मुळीच रुचले नाही. आपण पदार्थविज्ञान वापरतो आणि हे गृहस्थ ते बनवतात, अशा आशयाची त्यांची तक्रार होती. तक्रार रास्त होती, तथापि प्रकृतीच्या दृष्टीने पाहता वेल्स यांचे प्रवासी अधिक सुरक्षित होते.

या दोघा कथाकारांचे वाचक कोण निघाले हे पाहण्यासारखे आहे. रशियातील कालुगा येथे गणित शिकवणारे कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनी व्हर्न वाचले होते. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी गेली. शाळा सुटली, पुस्तके उरली. पेनिसिलिनच्या काळात वाढलेल्या आपल्याला घशातल्या स्ट्रेप्टोकोकसचे एवढे भय राहिलेले नाही, पण त्या आजाराने एका मुलाला जी शांतता दिली तिच्यातून १९०३ साली अग्निबाणाचे समीकरण बाहेर पडले. अमेरिकेचे रॉबर्ट गॉडर्ड वेल्स वाचून भारावले होते. १९१३ मध्ये त्यांना क्षयाने गाठले आणि डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नाही. ते बरे झाले, आणि १६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला आणि एक्केचाळीस फूट उंच गेला. तिसरे हर्मान ओबर्थ. ट्रान्सिल्व्हानियातील एका डॉक्टरचे हे चिरंजीव. त्यांनी म्युनिकला वैद्यकीचे शिक्षण सुरू केले आणि पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात काम केले. शाळकरी वयात व्हर्न वाचून त्यांनी जो हिशेब मांडला तो नेमका आपला होता : तोफेतल्या प्रवाशांचे काय होईल? उत्तर आले, चेंदामेंदा. मग हळूहळू वेग वाढवणारे साधन हवे, आणि ते अग्निबाणच. वैद्यकी अर्धवट सोडून त्यांनी पदार्थविज्ञान धरले, ही आपल्या व्यवसायाची हानी झाली असे मी म्हणणार नाही.

त्सिओल्कोव्स्कींचे समीकरण समजावयास बैलगाडीचा दृष्टांत पुरे आहे. लांबच्या गावाला जायचे, वाटेत चारा मिळत नाही, तेव्हा बैलांचा कडबा गाडीतच भरायचा. कडब्याने गाडी जड झाली म्हणून बैल वाढवायचे, आणि वाढलेल्या बैलांसाठी आणखी कडबा. अग्निबाणाचे तसेच. मागे फेकलेल्या वायूचा जो वेग, तेवढाच वेग यानाला हवा असेल तर उड्डाणाच्या वेळचे वजन रिकाम्या यानाच्या २.७ पट लागते. दुप्पट वेगाला ७.४ पट, तिप्पट वेगाला २० पट, दहापट वेगाला २२ हजार पट. उत्तम रासायनिक इंधनाचा वायू सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. त्याच्या बळावर प्रकाशाच्या एकदशांश वेग गाठायचा म्हटले तर लागणाऱ्या इंधनाचा आकडा लिहिताना एकावर जवळजवळ २९०० शून्ये द्यावी लागतात. दृश्य विश्वातील सर्व अणू मोजले तरी एकावर ऐंशी शून्यांपाशी थांबतात! १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या गतीने सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याएवढे, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांचे अंतर तोडण्यास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील.

म्हणजे कथाकाराची अडचण अशी. चंद्रापर्यंत, फार तर मंगळापर्यंत, साधा अग्निबाण नेतो. त्यापलीकडची कथा हवी असेल तर नवे इंजिन कल्पिणे भाग पडते, आणि ते कल्पिले की कुठलातरी दुष्परिणाम पत्करावा लागतो.

पहिला दुष्परिणाम शरीरावरच्या भाराचा. या विषयातले आपल्यापैकी सर्वांत धाडसी नाव डॉ. जॉन पॉल स्टॅप यांचे. अमेरिकन हवाई दलातील हे वैद्य. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर ते स्वतः अग्निबाणाच्या घसरगाडीवर बांधून घेऊन बसले. गाडीने ताशी एक हजार किलोमीटरचा वेग ओलांडला आणि दीड सेकंदाच्या आत ती थांबली. क्षणभर त्यांच्या शरीराने स्वतःच्या वजनाच्या सेहेचाळीस पट भार सोसला. डोळ्यांत रक्तस्राव झाला, काही काळ दिसेना. पण दृष्टी परत आली आणि ते पुढे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले. अर्थात हे क्षणाचे. मिनिटांची गोष्ट आली की चित्र पालटते. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जात असेल तर सर्वसाधारण माणूस चार ते सहा पट भारातच शुद्ध हरपतो; सरावलेला लढाऊ वैमानिक विशेष पोशाख घालून आणि श्वास रोखून नऊपर्यंत तग धरतो.

त्सिओल्कोव्स्कींनी यावर एक उपाय सुचवला होता : प्रवाशाला द्रवात बुडवावे. निसर्गाने गर्भ आणि मेंदू हे दोन्ही नाजूक जिन्नस द्रवात ठेवूनच जपले आहेत, असा दाखला त्यांनी दिला. एका बहिऱ्या गणितशिक्षकाने गर्भजलाचा आणि मस्तिष्कद्रवाचा हा उपयोग हेरावा, याचे बालरोगतज्ज्ञाला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

शरीराच्या भाराची किंमत अलीकडच्या लेखनात कोणी सर्वांत चोख मोजली असेल तर ती जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोघा लेखकांनी, 'द एक्सपान्स' या मालिकेत. तिच्या नऊ कादंबऱ्या २०११ ते २०२१ या काळात निघाल्या आणि दूरचित्रवाणी मालिकाही गाजली. तिच्यातील 'एपस्टीन ड्राइव्ह' हे अणुसंमीलनावर चालणारे, अत्यल्प इंधन खाणारे इंजिन. ते कसे चालते याविषयी लेखक मौन पाळतात. पण चालल्यावर काय होते हे ते बारकाईने सांगतात. २०१२ च्या एका कथेत सॉलोमन एपस्टीन आपल्या छोट्या यानावर हे इंजिन प्रथम चालवून पाहतो. ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जोराने चालते. तो खुर्चीत दाबला जातो, आणि बंद करण्याची कळ समोर दिसत असूनही हात तिथपर्यंत उचलत नाही. शोध पूर्ण यशस्वी होतो, यान अंतराळात वेगाने निघून जाते आणि शोधक त्या भाराखाली मरतो. पुढच्या काळातील प्रवासी जेलच्या आसनांत झोपतात. यान जोर धरू लागले की आसनातल्या सुया त्यांना औषधांचे मिश्रण टोचतात, कारण मेंदूतील रक्तवाहिनी फुटण्याचे भय असते. तरीही काही जण मरतातच. एखाद्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या माणसाने लिहावे अशी ही पाने आहेत. इंजिन काल्पनिक, स्ट्रोक खरा.

याउलट 'स्टार ट्रेक' मालिकेतील (१९६६) प्रवासी चहाचा कप हातात धरून प्रकाशाला मागे टाकतात. यानात जडत्व शमवणारे यंत्र बसवले आहे, असे उत्तर त्यावर मिळते. हे म्हणजे चिठ्ठीवर 'सर्व त्रासांवरील गोळी' लिहिण्यासारखे झाले. तथापि मला त्या मालिकेविषयी आकस नाही. तिच्यातील 'वॉर्प' या कल्पनेवरून मेक्सिकन शास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांतून खरोखरच एक मार्ग काढला. यानाच्या पुढचा अवकाश आकुंचित करावा, मागचा प्रसरण पाववावा, आणि मधल्या बुडबुड्यात यान निश्चल राहावे. गंमत अशी की, गणितानुसार त्या बुडबुड्यातील प्रवाशाला भार जाणवत नाही आणि त्याचे घड्याळही घरच्या घड्याळाशी जुळलेले राहते. म्हणजे दोन्ही मुख्य दुष्परिणाम नाहीसे! फक्त त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि तीही कुणाच्या आवाक्यात येईल अशा प्रमाणात नव्हे. औषध उत्तम आहे, दुकानात नाही.

एक इंजिन मात्र कागदावरून प्रत्यक्षात येता येता राहिले. १९५८ ते १९६५ या काळात अमेरिकेत 'ओरायन' प्रकल्पावर काम चालले. यानाच्या मागे एकामागून एक अणुबॉम्ब फोडायचे आणि जाड पोलादी तबकडीवर धक्के घेत पुढे जायचे. टेड टेलर आणि फ्रीमन डायसन यांच्यासारखे बुद्धिमान लोक यात होते, आणि १९५९ मध्ये साध्या स्फोटकांवर एक लहान प्रतिकृती उडवून त्यांनी तत्त्व सिद्धही केले. पण डायसन यांनी आणखी एक हिशेब केला. जमिनीवरून होणाऱ्या प्रत्येक उड्डाणातून पसरणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीने जगात काही माणसे कर्करोगाने दगावतील. ती कोण हे कधीही कळणार नाही. १९६३ च्या अणुचाचणी बंदी कराराने हा प्रकल्प व्यवहारतः संपवला. लॅरी निवेन आणि जेरी पूर्नेल यांनी १९८५ च्या 'फुटफॉल' कादंबरीत असे यान उडवले आहे, परंतु तेव्हा पृथ्वीवर परग्रहवासीयांचे आक्रमण चालू असते. दुसरा मार्ग नाही अशी परिस्थिती रचूनच त्यांना ते उडवता आले. कुणाच्या तरी अनोळखी मुलाला होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या बदल्यात शनीची सफर, हा सौदा शांततेच्या काळात वाचकाच्या गळी उतरला नसता.

येथे एक विषयांतर. आर्थर क्लार्क आणि स्टॅन्ले कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटातील 'डिस्कव्हरी' यान अणुशक्तीवर चालते. अशा इंजिनाची वाया जाणारी उष्णता बाहेर टाकण्यास मोठाले पत्रे हवेत. निर्वातात वारा नाही, पाणी नाही. तापलेल्या यानाच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवता येत नाही. उष्णता केवळ प्रारणाने जाते. आरंभीच्या आराखड्यांत असे पत्रे होते. पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील आणि हवा नसलेल्या जागी पंख कशाला असे ते विचारतील, म्हणून काढून टाकले. कित्येक दशके लोक त्या यानाच्या वास्तवतेची तारीफ करीत आले आहेत. माझ्या मते त्याला पहिल्याच दिवशी ताप चढला असता.

असो. शरीराला न दुखवता वेग वाढवायचा तर सोपी युक्ती अशी की, पृथ्वीवर जेवढे वजन भासते तेवढ्याच भाराने वेग सतत वाढवत राहावे. प्रवासी यानात जमिनीवर चालावे तसे चालतात. हाडे, हृदय, तोल, सर्व ठीक. अर्धी वाट वेग वाढवायचा, अर्धी वाट कमी करायचा. अशा रीतीने प्रॉक्सिमापर्यंत जाण्यास पृथ्वीच्या घड्याळाने सुमारे ५.९ वर्षे लागतील आणि प्रवाशाच्या घड्याळाने सुमारे ३.५. यासाठीचे इंधन कुठून आणायचे? रॉबर्ट बुसार्ड यांनी १९६० मध्ये सुचवले की, ताऱ्यांमधल्या विरळ हायड्रोजनलाच चुंबकीय नरसाळ्यात गोळा करून जाळावे. बैलांनी वाटेतच चरत जावे, असाच हा विचार. पोल अँडरसन यांची 'टाऊ झिरो' (१९७०) ही कादंबरी याच इंजिनावर उभी आहे. पन्नास प्रवाशांच्या यानाची वेग कमी करणारी यंत्रणा निकामी होते आणि ते थांबूच शकत नाही. ते प्रकाशवेगाच्या इतके निकट जाते की आतल्यांच्या काही वर्षांत बाहेर विश्वाचे आयुष्य सरते. हे इंजिन पुढे संशोधकांच्या कसोटीला उतरले नाही. २०२२ मधील एका शोधनिबंधाने दाखवले की, पुरेसा रेटा मिळण्यास त्या नरसाळ्याची लांबी सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपासून सूर्यापर्यंत असावी लागेल. तरी 'टाऊ झिरो'चे मोल त्यामुळे घटले असे मला वाटत नाही, कारण ती ज्या दुष्परिणामाविषयी आहे तो अचूक आहे. तो दुष्परिणाम म्हणजे काळ.

भाराचा त्रास प्रवाशाला होतो. काळाचा त्रास घरी राहिलेल्यांना होतो, आणि त्यांत मुले पहिली. रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९५६ च्या 'टाइम फॉर द स्टार्स'मध्ये दोन जुळे भाऊ घेतले. एक यानात, एक पृथ्वीवर. परततो तो तरुण, भेटतो तो म्हातारा. जुळ्यांच्या वाढीचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ही कथा इतरांपेक्षा थोडी अधिक टोचते. उर्सुला ले ग्विन यांची १९६४ मधील सेम्लीची कथा तर मी एका बैठकीत दोनदा वाचू शकत नाही. सेम्ली तान्ह्या मुलीला घरी ठेवून कुळाचा हरवलेला हार आणायला निघते. परक्यांच्या यानातून जाऊन येण्यास तिला एक दीर्घ रात्र लागली असे वाटते. ती हार घेऊन दारी येते तेव्हा नवरा केव्हाच मेलेला असतो आणि समोर उभी असलेली तरुणी तिची लेक असते. हार लेकीच्या हाती देऊन ती रानात धावत सुटते. इंजिनाविषयी या कथेत जवळजवळ एकही तांत्रिक वाक्य नाही. तरीही प्रकाशाच्या निकट जाणाऱ्या इंजिनाविषयी याहून खरे लेखन मला माहीत नाही.

मराठीत काळाच्या या फेऱ्याची गोडी डॉ. जयंत नारळीकरांनी लावली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली होती, आणि परीक्षकांनी नाव न ओळखता तिला पहिले पारितोषिक दिले. त्यांचे बालपण बनारसचे, मराठी घरातले आणि पुस्तकातले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या कथा वाचून विज्ञानाकडे वळलेली किती मुले आपल्या दवाखान्यांत कधीतरी लस टोचून गेली असतील, कोण जाणे.

जलद इंजिनाला काळाचा दुष्परिणाम, तर मंद इंजिनाला आयुष्याचा. यान शेकडो वर्षे चालायचे असेल तर प्रवाशांना झोपवावे किंवा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या यानातच नांदू द्यावे. झोपवण्याची युक्ती ए. ई. व्हॅन व्होग्ट यांनी १९४४ मध्ये योजिली. औषध घेऊन निजलेले प्रवासी पाचशे वर्षांनी ताऱ्यापाशी पोहोचतात तो तिथे माणसांची वस्ती आधीच गजबजलेली; मागाहून अधिक वेगवान इंजिन निघाले आणि नंतरचे लोक आधी आले! जन्मतः गुदमरलेल्या बाळाला आपण साडेतेहेतीस अंशांवर बहात्तर तास थंड ठेवतो, मेंदू वाचावा म्हणून. त्या बहात्तर तासांत रक्तदाब, रक्त गोठणे, झटके यांवर किती नजर ठेवावी लागते हे नवजात विभागातील परिचारिकांना विचारावे. पाचशे वर्षे फार लांबची गोष्ट झाली.

उरली पिढ्यांची याने. हाइनलाइन यांच्या १९४१ च्या 'युनिव्हर्स' कथेत प्रवाशांचे वंशज आपण यानात आहोत हेच विसरले आहेत. यान हेच त्यांचे जग. या प्रकाराचा सर्वांत कठोर हिशेब किम स्टॅन्ले रॉबिन्सन यांनी 'अरोरा' (२०१५) कादंबरीत मांडला. दोन हजारांहून अधिक माणसे घेऊन एक यान टाऊ सेटी ताऱ्याकडे निघते. प्रकाशाच्या एकदशांश वेग, प्रवास एकशेसाठ-सत्तर वर्षांचा. आरंभीचा रेटा सूर्यमालेतून सोडलेल्या लेसर किरणांचा; इंजिन जवळजवळ घरीच ठेवलेले. वजन राहावे म्हणून यान स्वतःभोवती फिरते. आणि पिढ्या जातात तशी माती, जिवाणू आणि माणसे यांचा मेळ बिघडत जातो. मुले आजीआजोबांपेक्षा खुजी निघतात, उशिरा शिकतात. वाढीचा तक्ता हाती घेऊन बसणाऱ्या माणसाला हे वाचताना कादंबरी वाचतो आहोत याचा विसर पडतो.

हे निव्वळ कल्पनारंजन नाही. भारहीन अवस्थेत अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांतील खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. व्हॅलेरी पोल्याकोव्ह हे रशियन डॉक्टर १९९४-९५ मध्ये 'मीर' स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि उतरल्यावर स्वतःच्या पायांवर चालले. पण ते प्रौढ होते आणि रोज व्यायाम करीत होते. वाढत्या शरीराविषयी आपल्याजवळ माणसाची काहीच माहिती नाही, आणि असूही नये. १९९८ च्या न्यूरोलॅब मोहिमेत उंदरांची पिल्ले सोळा दिवस अंतराळात नेली होती. त्यांतली बरीच दगावली. वाचलेल्यांत उताणे असता वळून पायांवर येण्याची जी क्रिया पहिल्या आठवड्यांत पक्की व्हायची, तिची घडण वेगळी झाल्याचे आढळले. बाळ पालथे पडू लागले की आपल्या घरात कौतुक होते. जिथे वर आणि खाली नाही तिथे पालथे पडणे म्हणजे काय? 'द एक्सपान्स'मधील लघुग्रहांवर जन्मलेली मुले उंच, काटकुळी आणि ठिसूळ हाडांची होतात. पृथ्वीवर उतरली तर स्वतःच्याच वजनाखाली गुदमरतात. जन्मगाव बदलण्याचा मार्गच त्यांना उरत नाही.

लहान मुलावर शस्त्रक्रिया करायची तर संमतिपत्रावर पालक सही करतात. त्या सहीला मर्यादा आहेत, आणि मूल मोठे होत जाते तसतसे त्यालाही विचारावे असा आपला आजचा दंडक आहे. पिढ्यांच्या यानात पहिल्या प्रवाशांनी जी सही केली ती अजून न जन्मलेल्या सहा-सात पिढ्यांच्या वतीने होती. रॉबिन्सन यांची नायिका फ्रेया हे यानातच जन्मलेले मूल. टाऊ सेटीजवळची भूमी राहण्यास घातक निघते, तेव्हा प्रवासी दुभंगतात आणि तिच्यासह काही जण परत फिरतात. परतीच्या वाटेवर अन्न पुरेना म्हणून तेही थंड निद्रा घेतात. येताना वेग कमी करणारा लेसर पृथ्वीवरचे लोक वेळेवर लावत नाहीत. यानाचा संगणक सूर्य आणि ग्रहांभोवती वर्षानुवर्षे फेऱ्या घालून वेग उतरवतो, प्रवाशांना पृथ्वीजवळ सोडतो आणि स्वतः सूर्याच्या झळीत नष्ट होतो. पृथ्वीवर एका परिषदेत कुणी वक्ता पुन्हा अशी याने पाठवलीच पाहिजेत असे आवेशाने सांगू लागतो तेव्हा फ्रेया व्यासपीठावर जाऊन त्याच्यावर हात उगारते. यानाबाहेरचे उघडे आकाश तिला सोसवत नाही, मोकळ्यावर आली की जीव घाबरा होतो. बुडालेले किनारे पुन्हा वाळू टाकून उभे करणाऱ्या लोकांकडे ती राहायला जाते. कादंबरीच्या अखेरच्या पानांवर ती प्रथमच समुद्रात उतरते, लाटांनी उलटीपालटी होते, नाकातोंडात खारे पाणी जाते, आणि रांगत रांगत वाळूवर येते.